ज्युरी गेली, साक्षीदार राहिला



निमंत्रणपत्रिकेवरचा विषय वाचून दोन-तीन तरुण वकिलांनी मला विचारले की, आपल्याकडे ज्युरीच उरलेली नाही, मग ज्युरर आणि समाजमाध्यमे हा विषय मराठवाड्यात कशासाठी? प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर देण्यासाठीच मी उभा आहे. मात्र त्याआधी, जिथे ज्युरी अजून आहे तिथे मोबाईलने काय केले ते थोडक्यात सांगतो.

इंग्लंडमध्ये २०१० साली मँचेस्टरमधल्या अमली पदार्थांच्या एका मोठ्या खटल्यात एका महिला ज्युररने फेसबुकवरून त्याच खटल्यातल्या एका आरोपीशी गप्पा मारल्या. त्या आरोपीची सुटका झाली होती, पण बाकीच्यांबद्दल ज्युरीचा विचार अजून चालू होता. खटला मोडला आणि ज्युररला आठ महिन्यांची कैद झाली. पुढच्याच वर्षी ल्यूटनमध्ये दुसऱ्या एका ज्युररने घरी बसून आरोपीचा पूर्वेतिहास इंटरनेटवर शोधला आणि ज्युरीच्या खोलीत बाकीच्यांना सांगितला. तिला सहा महिने. ही दुसरी बाई शिकलेली होती, मानसशास्त्राची प्राध्यापिका. अमेरिकेत अर्कान्सा राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २०११ च्या डिसेंबरमध्ये फाशीची एक शिक्षा रद्द केली. एक ज्युरर खटला चालू असताना, न्यायाधीशांनी बजावूनही, ट्विट करत राहिला होता आणि दुसरा ज्युरर साक्षी चालू असताना झोपला होता, ही त्यामागची कारणे. इंग्लंडने २०१५ च्या कायद्याने ज्युररने खटल्याविषयी इंटरनेटवर शोध घेणे हाच गुन्हा ठरवला.

हे आपल्यापासून वाटते तितके दूर नाही. ब्रिटनमध्ये राष्ट्रकुल देशांचे नागरिक मतदार यादीत नाव नोंदवू शकतात आणि ज्युरर मतदार यादीतूनच निवडले जातात. तिथे पाच वर्षे राहिलेल्या, भारतीय पासपोर्ट असलेल्या आपल्या नांदेडच्या मुलालाही ज्युरीचे पत्र येऊ शकते. या सभागृहात ज्यांची मुले तिकडे आहेत त्यांनी आज रात्री फोनवर ही गोष्ट त्यांच्या कानावर जरूर घालावी.

आता आपल्याकडे येऊ. मराठी माणसाच्या मनात ज्युरी म्हटले की दोन खटले उभे राहतात. पहिला लोकमान्य टिळकांचा, 'केसरी'तल्या लेखांवरचा. २२ जुलै १९०८ ला मुंबई उच्च न्यायालयात नऊ ज्युररांपैकी सात जणांनी टिळकांना दोषी धरले, दोघांनी निर्दोष. ते सात युरोपियन होते आणि दोघे पारशी. 'केसरी'चे लेख मराठी, आणि निकाल देणाऱ्यांपुढे त्यांची इंग्रजी भाषांतरे. ज्युरी म्हणजे जनतेचा आवाज असे मानणाऱ्यांनी ही खोली डोळ्यांपुढे आणावी.

दुसरा खटला नौदलाच्या कमांडर नानावटींचा, आणि तिथे मी थोडा रेंगाळणार आहे. २७ एप्रिल १९५९ ला मुंबईत प्रेम आहुजांचा नानावटींच्या रिव्हॉल्व्हरच्या गोळ्या लागून मृत्यू झाला आणि नानावटींवर खुनाचा आरोप आला. ग्रेटर बॉम्बे सत्र न्यायालयात न्यायाधीश आर. बी. मेहता यांच्यापुढे, नऊ ज्युररांसह खटला चालला. करंजियांच्या 'ब्लिट्झ' साप्ताहिकाने नानावटींची बाजू उघडपणे उचलली. पंचवीस पैशांचा अंक दोन रुपयांना विकला जात होता. रस्त्यावर खेळण्यातले 'नानावटी रिव्हॉल्व्हर' आणि 'आहुजा टॉवेल' विकायला आले होते.

या टॉवेलकडे लक्ष द्या. आहुजा मेले तेव्हा त्यांच्या अंगावर टॉवेल होता आणि तो सुटलेला नव्हता. बचाव पक्षाचे म्हणणे होते की झटापट झाली आणि त्यात गोळ्या सुटल्या. सरकारी पक्ष विचारत होता की झटापट झाली असती तर टॉवेल जागेवर राहिला असता का? म्हणजे खटल्यातला एक कळीचा मुद्देमाल त्या टॉवेलच्या रूपाने न्यायालयात होता, आणि त्याच वेळी त्याच नावाचा टॉवेल फेरीवाल्याच्या हातगाडीवर हसण्याचा विषय झाला होता. ज्युरीतले नऊ जण संध्याकाळी त्याच रस्त्यांवरून घरी जात असत. पुराव्याची किंमत रस्त्यावर अशी उतरते. कोणी लाच देत नाही, कोणी धमकी देत नाही. ज्या गोष्टीवर गंभीरपणे विचार करायचा ती आधीच ओळखीची, गमतीची आणि ठरलेली होऊन बसते.

ज्युरीने आठ विरुद्ध एक मतांनी नानावटींना निर्दोष ठरवले. न्यायाधीश मेहतांना तो निर्णय पटला नाही आणि त्यांनी १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३०७ खाली प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवले. न्यायमूर्ती शेलत आणि नाईक यांनी ११ मार्च १९६० ला नानावटींना खुनाबद्दल जन्मठेप दिली. सर्वोच्च न्यायालयाने २४ नोव्हेंबर १९६१ ला ती कायम केली. १९६४ मध्ये राज्यपाल विजयालक्ष्मी पंडित यांनी त्यांना माफी दिली.

इथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. नानावटी खटल्यामुळे ज्युरी रद्द झाली असे आपण सगळे एकमेकांना सांगत आलो आहोत. ते तितकेसे खरे नाही. विधी आयोगाने आपल्या चौदाव्या अहवालात १९५८ सालीच, म्हणजे गोळ्या झाडल्या जाण्याच्या आदल्या वर्षी, ज्युरी बंद करावी असे सुचवले होते. असेसर, म्हणजे न्यायाधीशाला केवळ सल्ला देणारे नागरिक, नेमण्याची पद्धत १९५५ च्या दुरुस्तीने आधीच गेली होती. नानावटींनंतरही ज्युरी काही ठिकाणी रेंगाळत राहिली आणि १९७३ ची नवी संहिता १ एप्रिल १९७४ पासून लागू झाली तेव्हा ती संपली. उच्च न्यायालयानेही आपल्या निकालात 'ब्लिट्झ'ला जबाबदार धरले नव्हते. न्यायाधीशांनी ज्युरीला केलेल्या मार्गदर्शनात गंभीर चुका होत्या आणि पुराव्यावरून कोणी समंजस माणूस त्या निष्कर्षाला येऊ शकला नसता, असा तो आधार होता. आज ज्युरीचा अवशेष शोधायचा तर तो पारशी विवाह न्यायालयात सापडतो, जिथे न्यायाधीशाबरोबर समाजातले पाच प्रतिनिधी बसतात.

ज्युरी गेली तेव्हा आपण सुटकेचा श्वास सोडला. आता निकाल प्रशिक्षित न्यायाधीश देणार, तो वर्तमानपत्र वाचून बदलणार नाही, मोर्चाने डगमगणार नाही. गेली पन्नास वर्षे हे समाधान आपण बाळगून आहोत आणि माध्यमांविषयी काही म्हटले की वकीलसुद्धा हेच सांगतात: न्यायाधीशावर परिणाम होत नाही, मग काळजी कसली?

माझे म्हणणे असे की हे समाधान अर्धवट आहे. न्यायाधीश निकाल देतो, पण कशावरून? साक्षीदाराच्या शब्दावरून, पंचाच्या सहीवरून, ओळख परेडच्या टिपणावरून. हा साक्षीदार, हा पंच प्रशिक्षित नसतो. तो भोकरचा शेतकरी असतो, औशाचा चहावाला असतो, एमआयडीसीतला कामगार असतो. त्याच्या खिशात फोन आहे. इंग्लंडमध्ये ज्युररला निदान शपथ असते, न्यायाधीश रोज बजावतो की बाहेर काही वाचू नका, आणि मोडले तर तुरुंग असतो. आपल्या साक्षीदाराला घटनेच्या संध्याकाळपासून साक्षीच्या दिवसापर्यंत, म्हणजे कधी कधी दहा-पंधरा वर्षे, कोणीच काही बजावत नाही. सामान्य माणसाला आपण निकालाच्या खोलीतून बाहेर काढले आणि पुराव्याच्या खोलीत मात्र तो पूर्वीसारखाच बसलेला आहे.

ओळख परेडचेच घ्या. दरोडा पडतो, हल्ला होतो, फिर्यादी म्हणतो की हल्लेखोर अनोळखी होते पण दिसले तर ओळखीन. मग कारागृहात परेड होते. महाराष्ट्रात ती पोलीस घेत नाहीत, नायब तहसीलदारासारखा कार्यकारी दंडाधिकारी घेतो, दोन पंचांसमोर. एका आरोपीबरोबर त्याच्यासारख्याच अंगकाठीची, वयाची किमान सहा माणसे उभी केली जातात. आरोपीला आणताना त्याचा चेहरा झाकतात. पोलिसांना खोलीबाहेर ठेवतात. हा सगळा खटाटोप एवढ्यासाठीच की साक्षीदाराची आठवण आणि आरोपीचा चेहरा यांच्यामध्ये तिसरे काही येऊ नये.

आणि प्रत्यक्षात काय होते? अटक झाल्याच्या तासाभरात पोलीस ठाण्याच्या ओट्यावर काढलेला फोटो जिल्ह्यातल्या प्रत्येक ग्रुपवर फिरतो. खाली ओळ असते: 'हाच तो नराधम.' साक्षीदार तो फोटो दहादा पाहतो. झूम करून पाहतो. तीन आठवड्यांनी परेडला जातो आणि बोट दाखवतो. तो खोटे बोलत नसतो. त्याला खरोखरच वाटते की त्या रात्री हाच चेहरा पाहिला. पुढे उलटतपासणीत बचावाचा वकील शांतपणे विचारतो, "परेडच्या आधी तुम्ही आरोपीचा फोटो मोबाईलवर पाहिला होता, हे खरे आहे ना?" साक्षीदार प्रामाणिक असेल तर हो म्हणतो, आणि परेड कागदावर उरते. आरोपी खरा असेल तर सुटतो. आरोपी चुकीचा असेल आणि हा प्रश्न कोणी विचारलाच नाही, तर निरपराध माणूस आत जातो. दोन्हीकडून नुकसान आपलेच.

फोटो टाकणाऱ्याला वाटते की मी पीडितेच्या बाजूने उभा राहिलो. त्याच्या हेतूबद्दल मला शंका नाही. पण त्याने सरकारी वकिलाच्या हातातला पुरावा काढून घेतलेला असतो, हे त्याला कोणी सांगितलेलेच नसते. अत्याचाराच्या प्रकरणात तर पीडितेची ओळख पटेल असा मजकूर पसरवणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ खाली गुन्हा आहे, मुले असतील तर पॉक्सोखालीही. 'न्याय द्या' म्हणणाऱ्या पोस्टमध्येच मुलीचे गाव, शाळा, बापाचे नाव असते. त्या घराला पुढची वीस वर्षे त्याच गावात राहायचे असते.

लातूरकरांना २०२४ चा जून आठवत असेल. नीट परीक्षेच्या गैरव्यवहाराच्या संशयावरून नांदेडच्या दहशतवादविरोधी पथकाने लातुरातून जिल्हा परिषदेच्या दोन शिक्षकांना चौकशीसाठी ताब्यात घेतले, लातुरात गुन्हा नोंदला गेला, पुढे तपास सीबीआयकडे गेला. त्या व्यक्तींबद्दल मी एक अक्षर बोलणार नाही, ते काम न्यायालयाचे. पण त्या आठवड्यात फोनवर काय चालले होते? आरोपी मोजके होते आणि शिक्षा अभ्यासाच्या 'लातूर पॅटर्न'ला झाली. दयानंद, शाहू अशा महाविद्यालयांच्या पिढ्यांनी मेहनतीने उभे केलेले नाव, खेड्यातून येऊन खोली करून राहणारी हजारो मुले, त्यांचे सगळे गुण एका रात्रीत संशयास्पद झाले. २३ जुलैला सर्वोच्च न्यायालयाने परीक्षा रद्द करायला नकार दिला. पेपर फुटल्याचे निर्विवाद म्हणून जे न्यायालयाने नोंदवले ते हजारीबाग आणि पाटण्याचे. तोवर लातूरच्या मुलाला पुण्या-मुंबईत टोमणे ऐकून झाले होते. ती पोस्ट टाकणाऱ्यांपैकी किती जणांनी पुढचा निकाल टाकला?

याच रस्त्याने पुढे गेले की राईनपाडा येते. धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातले हे गाव. १ जुलै २०१८, बाजाराचा दिवस. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच भिक्षेकरी, मूळचे मंगळवेढ्याकडचे. मुले पळवणारी टोळी आली आहे असे निरोप व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत होते. पाचही जणांना ग्रामपंचायतीच्या खोलीत डांबून मारून टाकण्यात आले. आरोप, पुरावा, निकाल आणि शिक्षा सगळे त्या एका खोलीत उरकले गेले. ज्या समाजांकडे कागद नाही, घर नाही, ओळख सांगणारा शेजारी नाही, त्यांच्यावर अफवा सगळ्यात आधी पडते. भटक्यांची पाले आपल्या मराठवाड्यातही प्रत्येक तालुक्याच्या गावाबाहेर आहेत. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एक निरोप एका वेळी पाचच ठिकाणी पुढे धाडण्याची मर्यादा घातली आणि १७ जुलैला सर्वोच्च न्यायालयाने झुंडबळींविरुद्ध राज्यांना सविस्तर आदेश दिले.

गर्दीला एक निरोप पुरतो; न्यायालय मात्र व्हिडिओकडेही कसे पाहते याचे उदाहरण आपल्या जालन्याचेच आहे. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीवरून अर्जुन खोतकर आणि कैलास गोरंट्याल यांचा वाद गेला. उमेदवारी अर्ज वेळेत दाखल झाला की नाही, हा प्रश्न होता आणि निवडणूक अधिकाऱ्यांच्या दालनातले चित्रीकरण हा पुरावा. प्रकरण औरंगाबाद खंडपीठातून सर्वोच्च न्यायालयात पोहोचले आणि १४ जुलै २०२० ला तीन न्यायमूर्तींनी देशभरासाठी कायदा स्पष्ट केला: मूळ उपकरण न्यायालयात हजर करता येत नसेल तर इलेक्ट्रॉनिक नोंदीच्या प्रतीसोबत प्रमाणपत्र लागतेच. ती नोंद कोणत्या उपकरणातून आली, ते नीट चालत होते का, हे कोणीतरी सहीनिशी सांगायला हवे. सरकारी कॅमेऱ्याने सरकारी कार्यालयात केलेल्या चित्रीकरणाबाबतही न्यायालय हे मागते. आणि आपण? कुठल्या जिल्ह्यातला, कुठल्या सालचा, कोणी कापून जोडलेला हे काहीही माहीत नसलेला चाळीस सेकंदांचा तुकडा पाहून माणसाला फाशी मागतो.

मला विरोधी बाजू ठाऊक आहे आणि तिच्यात तथ्य आहे. मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची ९ डिसेंबर २०२४ ला हत्या झाली. लोक बोलले नसते, रस्त्यावर उतरले नसते, तर तपास कसा झाला असता, हा प्रश्न बीडच्याच नव्हे तर आपल्या सगळ्या जिल्ह्यांतल्या माणसाच्या मनात आहे. तो प्रश्न विचारणे हा नागरिकाचा हक्क आहे. गुन्हा नोंदवा, तपास करा, वजनदार माणसाला सोडू नका, ही मागणी जितक्या मोठ्याने करता येईल तितकी करावी. पण मार्च २०२५ मध्ये त्या हत्येची छायाचित्रे घरोघरच्या फोनवर पोहोचली, तेव्हा मी अस्वस्थ झालो. त्या माणसाची पत्नी, मुले, भाऊ याच जगात आहेत. खटला चालू आहे, त्याच्या गुणदोषांत मी जाणार नाही. तपासाची मागणी आणि निकालाची घोषणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढे मात्र मी ठामपणे म्हणेन. पहिलीने पोलीस जागे होतात. दुसरीने साक्षीदार घाबरतात, किंवा पढवल्यासारखे बोलू लागतात, आणि मग आपणच म्हणतो की साक्षीदार फितूर झाले.

मुंबई उच्च न्यायालयात १८ जानेवारी २०२१ ला, सुशांतसिंह राजपूत यांच्या मृत्यूनंतरच्या वाहिन्यांच्या वार्तांकनाबद्दल, मुख्य न्यायमूर्ती दीपांकर दत्ता आणि न्यायमूर्ती गिरीश कुलकर्णी यांच्या खंडपीठाने निकाल दिला. तपास चालू असताना माध्यमांनी समांतर खटला चालवणे हा न्यायदानात हस्तक्षेप आहे, असे त्यात स्पष्ट सांगितले आहे. त्याआधी १९९७ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने वर्तमानपत्रे, वाहिन्या किंवा आंदोलने यांनी चालवलेला खटला कायद्याच्या राज्याच्या अगदी विरुद्ध असल्याचे म्हटले होते. हे सगळे वाहिन्यांना आणि वर्तमानपत्रांना उद्देशून आहे. पाचशे माणसांच्या गावच्या ग्रुपला कोण उद्देशून बोलणार? नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये सांगितले की सदस्याने टाकलेल्या मजकुरासाठी, समान हेतू नसेल तर, ग्रुप अ‍ॅडमिनला गुन्हेगार धरता येत नाही. कायदा म्हणून ते योग्यच आहे. त्यामुळे जबाबदारी टाकणाऱ्यावर आणि पुढे ढकलणाऱ्यावर राहते, म्हणजे आपल्या प्रत्येकावर.

वकील मित्रांना एक वेगळी विनंती. एखादे अमानुष प्रकरण घडले की ग्रुपवर लाट येते आणि तिच्या दबावाखाली वकील संघ ठराव करतो, आरोपीचे वकीलपत्र कोणी घ्यायचे नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये असे ठराव बेकायदेशीर आणि व्यवसायाच्या नीतीविरुद्ध ठरवले आहेत. २६/११ च्या हल्ल्यातल्या कसाबलाही मुंबईत वकील मिळाला, सर्वोच्च न्यायालयात त्याच्या बाजूने ज्येष्ठ वकील उभे राहिले, आणि म्हणूनच २०१२ मध्ये त्याला बचावाशिवाय फाशी दिली असे कोणी म्हणू शकले नाही. बचाव नसलेली शिक्षा अपिलात टिकत नाही. पीडित कुटुंबाला पुन्हा पहिल्यापासून खटला सोसावा लागतो. याची जाणीव गर्दीला नसेल, आपल्याला असायला हवी.

आणि वेळेचा प्रश्न. आपल्या नांदेडमधल्या एप्रिल २००६ च्या स्फोटाच्या खटल्याचा निकाल सत्र न्यायालयाने दिला तो जानेवारी २०२५ मध्ये. त्या निकालावर माझे मत सांगायला मी इथे आलेलो नाही. पण जवळपास एकोणीस वर्षे! घटना घडली तेव्हा कोणाच्या फोनमध्ये व्हॉट्सअ‍ॅप नव्हते. न्यायालय इतके रेंगाळते तेव्हा लोक निकालासाठी फोनकडे वळतात, यात नवल नाही. सरकारने न्यायाधीशांच्या रिकाम्या जागा भरल्या नाहीत, न्यायवैद्यक प्रयोगशाळांचे अहवाल महिनोन्‌महिने अडकू दिले, २०१७ चा साक्षीदार संरक्षणाचा कायदा जिल्ह्यापर्यंत जिवंतपणे पोहोचवला नाही, तर नुसत्या उपदेशाने काहीही थांबणार नाही. अटक केलेल्या माणसाचा फोटो पोलीस ठाण्यातूनच बाहेर जाणार नाही, ही पहिली अपेक्षा मी जिल्हा पोलीस अधीक्षकांकडून करतो. त्याला ना निधी लागतो ना नवा कायदा.

तुमच्याकडूनही एक मागणे आहे. घटनेचे चित्रण तुमच्या फोनमध्ये असेल तर ते कापू नका, ग्रुपवर टाकू नका. मूळ फाईल आणि तो फोन जपून ठेवा, तपास अधिकाऱ्याला दाखवा, जबाब द्या. पंच म्हणून बोलावले तर टाळू नका, पंचनामा वाचूनच सही करा. आणि समन्स आले, मग ते पाच वर्षांनी येवो की दहा, तर नांदेडच्या किंवा लातूरच्या न्यायालयात हजर राहा आणि मधल्या काळात फोनवर काय काय वाचले ते बाजूला ठेवून आपल्या डोळ्यांनी जे पाहिले तेवढेच सांगा.